चुकून गळलेला एक सूर

वाचकांचे प्रश्न : वाद्यं आणि वादक

गेल्या अंकात मी मँचेस्टरच्या ‘न्यू ऑर्डर’ या बँडवर लिहिलं होतं. 1980 साली उभा राहिलेला हा चौघांचा बँड. गिटार-ड्रम्सच्या रॉकमध्ये त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आणलं, आणि हे सगळं कुठल्याही बड्या कंपनीकडे न जाता फॅक्टरी रेकॉर्ड्स या गावातल्याच छोट्या कंपनीकडून काढलं. त्या लेखावर बरीच पत्रं आली. ज्या प्रश्नांत इतरांच्याही शंका येऊन जातात, असे प्रश्न इथे घेतले आहेत.

मी गेली चाळीस वर्षं तबला वाजवतो. तुमचा लेख वाचून नातवाला त्यांचं ‘ब्लू मंडे’ हे गाणं लावायला सांगितलं. साडेसात मिनिटं ऐकलं. ठेका मशीनचा, खालचा बासही मशीनचा. मग या चौघांनी केलं काय? बटण दाबलं?
*– एक वाचक, सांगली*

काका, बटण दाबायचीच त्यांची इच्छा होती. कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा मंचावर यायचं त्यांना आवडत नसे. आपण निघून जावं आणि यंत्रांनी वाजवत राहावं, असं एखादं गाणं करू, या कल्पनेतून ‘ब्लू मंडे’ सुरू झालं, असं बँडच्या मंडळींनी सांगितलं आहे.

पण ते बटण दाबण्याजोगं करायला काय लागलं, ते पाहा. सुरुवातीचे ते सुटे ठोके आणि लगेच मागून येणारे चौपटीतले ठोके ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचे. ते ड्रमर स्टीफन मॉरिसनं बसवले. खालचा बास मूग सोर्स या सिंथेसायझरचा. त्याला सूर पुरवणारा सिक्वेन्सर गायक-गिटारवादक बर्नार्ड समनरनं किट आणून स्वतः जोडलेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात सर्किट छापून यायचं आणि हौशी लोक घरी बसून ते सोल्डर करायचे, त्यातलाच हा प्रकार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडलेली पिढी आपल्याकडेही आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आज एका मिडी केबलनं दोन यंत्रं एका लयीत बांधता येतात. तेव्हा मिडी बाजारात यायचा होता. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका चालीनं चालवायची म्हणजे मध्ये वेगळं सर्किट बनवून घ्यावं लागे.

सिक्वेन्सरमध्ये गाण्याचा एकेक सूर हातानं भरायचं काम कीबोर्डवाल्या जिलियन गिल्बर्टकडे होतं. तिनं सगळे सूर कागदावर लिहून काढले. ए-फोर आकाराचे कागद एकाला एक चिकटवत गेली, तर पट्टी स्टुडिओच्या लांबीइतकी झाली. विणकामाच्या लांबलचक नमुन्यासारखी ती दिसत होती, असं तिनंच पुढे सांगितलं. भरता भरता एक सूर गळला. त्यामुळे सिंथेसायझरची धून ठेक्यापासून किंचित सरकली. ती तशीच राहू दिली. तुम्ही पुन्हा ऐकाल तेव्हा हातानं ठेका धरून ऐका. ठेका जागच्या जागी आहे आणि वरची धून आपली सम वेगळीकडे शोधते आहे. तुमच्या कानाला ते पहिल्या मिनिटात कळेल. माझ्या मते या गाण्याचा जीव त्या सरकण्यात आहे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते. तबल्याच्या सोलोत पेटीवाला लेहरा धरून बसतो. तोच तो, न थकता, न हलता. त्याच्या भरवशावर तुम्ही कायदा मांडता, पलटे काढता, तिहाई घेऊन समेवर येता. लेहरेवाल्यानं लेहरा सोडला तर तुम्हाला मोकळं फिरता येणार नाही. न्यू ऑर्डरमध्ये लेहरा यंत्राकडे आहे. फिरतो तो पीटर हुकच्या बास गिटारचा सूर. तो माणसाच्या हातचा आहे, थोडा पुढेमागे होतो, एखादी तार जास्त लागते. समनरचा सपाट, जवळजवळ बोलल्यासारखा गळाही तसाच. यंत्राच्या शेजारी ही माणसं बसली म्हणून ती इतकी स्पष्ट दिसतात. ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या 1983 च्या अल्बममधलं पहिलं गाणं ‘एज ऑफ कन्सेंट’ जरूर ऐका. तिथे ड्रम्स मॉरिसच्या हातचे आहेत, आणि त्या पठ्ठ्याचा हात इतका नेमका पडतो की यंत्राशी शर्यत लावल्यासारखं वाटतं.

ताई, जॉय डिव्हिजन माझा सगळ्यात लाडका बँड. त्यांचा गायक गेला आणि त्याच लोकांनी दोन-तीन वर्षांत नाचायची गाणी केली, हे मला पचत नाही. ते विसरले का त्याला?
*– एक कॉलेजविद्यार्थिनी, नाशिक*

तुझा राग मी समजू शकते, कारण तो प्रेमातून आलाय. तरी घटना क्रमानं बघू या.

18 मे 1980 ला जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस यानं आत्महत्या केली. वय 23. फिट्सच्या आजारानं तो पिचला होता. दुसऱ्या दिवशी बँड पहिल्यांदा अमेरिकेला निघणार होता. चौघांपैकी एक जरी गेला तरी नाव सोडून द्यायचं असं त्यांचं आधीपासून ठरलं होतं, आणि तो शब्द त्यांनी पाळला. खपणारं नाव टाकून ते न्यू ऑर्डर म्हणून शून्यातून उभे राहिले. सप्टेंबरात तिघेच अमेरिकेत गेले, तर न्यूयॉर्कमध्ये सगळी वाद्यं चोरीला गेली. ऑक्टोबरात जिलियन आली.

त्यांचं पहिलं रेकॉर्ड ‘सेरेमनी’ हे कर्टिसचंच गाणं. शब्द कुठे लिहून ठेवलेले मिळेनात. होती ती तालमीची एक अस्पष्ट टेप. ती इक्वलायझरमधून पुन्हा पुन्हा फिरवून, आवाजाचे थर कमी-जास्त करत त्यांनी त्याचे शब्द ओळखले. गेलेल्या मित्राचा आवाज असा ऐकत बसणाऱ्यांना विसराळू म्हणणं मला जमणार नाही.

गायला कोणीच तयार नव्हतं. तिघांनीही गाऊन पाहिलं, शेवटी जबाबदारी समनरवर आली. त्याला गाताना गिटार वाजवणं जमेना. म्हणून न्यू ऑर्डरच्या गाण्यांत ओळ संपते आणि मग गिटार येते. गाण्याच्या वेळी हात रिकामे राहिले की ती जागा सिक्वेन्सरनं भरून काढली. नाचाचा ठेका त्यांनी न्यूयॉर्कच्या क्लबांत ऐकला आणि तो मनात घर करून राहिला. 1981 चा ‘मूव्हमेंट’ हा पहिला अल्बम ऐक, त्यात अजून काळोखच आहे. मग ‘टेम्प्टेशन’ ऐक, 1982 चं. तिथे पहिल्यांदा कोणीतरी खिडकी उघडल्याचं जाणवतं. आणि ‘ब्लू मंडे’चे शब्द नीट ऐकलेस तर त्या नाचाखाली दुखावलेला माणूसच बोलतोय हे तुला कळेल. लोक रडूनही नाचतात गं.

माझा ऑफसेटचा धंदा आहे. ‘ब्लू मंडे’चं कव्हर एवढं महाग पडलं की प्रत्येक रेकॉर्डमागे तोटा झाला, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. हे कसं काय? आणि असा तोटा घालणारी कंपनी चालली कशी?
*– एक मुद्रक, कोल्हापूर*

तुमच्यासारख्या माणसाचं पत्र आलं याचा विशेष आनंद झाला. कव्हर डिझायनर पीटर सॅव्हिलचं. त्यानं बँडकडे फ्लॉपी डिस्क पाहिली, आणि तिच्यावरून बारा इंची रेकॉर्डचं कव्हरच फ्लॉपीसारखं केलं. काळं पाकीट, त्याला डाय मारून पाडलेली भोकं, आणि आतलं पाकीट चंदेरी, म्हणजे भोकांतून चंदेरी दिसावं. वर बँडचं नाव नाही, गाण्याचंही नाही. उजव्या कडेला रंगीत चौकोनांची उभी पट्टी आहे, तीच नाव सांगते; मात्र त्या रंगांची किल्ली ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेली. त्या अल्बमच्या पुढच्या बाजूला फाँतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराची 1890 सालची गुलाबांची टोपली. जादा रंग, डाय पंचिंग, वेगळं आतलं पाकीट, याचा हिशेब तुम्ही माझ्याआधी कराल. सुरुवातीच्या प्रती तोट्यात गेल्या हे सगळेच सांगतात, किती तोट्यात याचा आकडा मात्र प्रत्येकाचा निराळा. आणि नेमकी तीच रेकॉर्ड बारा इंची सिंगल्समध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेली ठरली.

कंपनीचं म्हणाल तर टोनी विल्सन हा टीव्हीवरचा निवेदक आणि त्याच्या मित्रांनी ती 1978 मध्ये सुरू केली. खर्च वजा जाता उरेल ते कंपनी आणि बँड यांच्यात निम्मं निम्मं, आणि संगीताची मालकी वादकांची. बड्या कंपन्यांचे करार ज्यांनी वाचले आहेत त्यांना यातलं मोठेपण कळेल. पण पैसा आला तसा गेलाही. बँड आणि कंपनीनं मिळून 1982 च्या मे महिन्यात मँचेस्टरमध्ये ‘हसिएंडा’ हा क्लब काढला, आणि रेकॉर्डची कमाई वर्षानुवर्षं त्यात जिरत राहिली. 1992 मध्ये फॅक्टरीचं दिवाळं निघालं. लंडनची एक कंपनी तिला विकत घ्यायला आली होती, तेव्हा उघड झालं की न्यू ऑर्डरची गाणी विकायचा फॅक्टरीला हक्कच नाही. ती बँडची आहेत. विल्सनला व्यवहार कळत नव्हता असं पुष्कळांनी लिहिलं आहे. मला तो फार मोठ्या मनाचा माणूस वाटतो. मी स्वतः आयुष्यभर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, रेकॉर्डिंगलाही बसले. वाजवलेल्या सुरावर आपला हक्क राहतो ही गोष्ट आमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आलेली नाही.

त्याच काळात आपल्याकडे कोणी असं काही करत होतं का?
*– एक वाचक, ठाणे*

हो, आणि मुंबईतच. चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. 1982 मध्ये, म्हणजे ‘ब्लू मंडे’ बाहेर येण्याआधीच, त्यांची डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड एचएमव्हीनं काढली. वाद्यं तीनच, तिन्ही रोलँडची : टीआर-808 ड्रम मशीन, टीबी-303 हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग, खाली न थांबणारा ठेका. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. तिचा उपयोग त्यांनी मींडेच्या अंगानं केला. हे ज्याच्या कानात राग मुरलेला आहे त्यालाच सुचणार. रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, आणि शिकागोत काही वर्षांनी जे नाचाचं संगीत ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलं ते या मुंबईच्या रेकॉर्डमध्ये आधीच ऐकू येतंय म्हणून तिकडचे लोक थक्क झाले. 2015 मध्ये चरणजित मुंबईतच वारले. मँचेस्टरचा आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडे नवीन यंत्र हातात आलं आणि प्रत्येकानं आपल्या कानात होतं ते त्याच्यातून काढलं. त्यांच्यावर आपल्याकडे अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पीटर हुकसारखा बासचा टोन कसा काढायचा?
*– बास गिटारवाला, रत्नागिरी*

वरच्या दोन तारांवर, मानेच्या खालच्या अंगाला वाजव. बोटांनी नको, पिकनं. कोरस इफेक्ट लाव. हुककडे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ‘क्लोन थिअरी’ होता, तुला साधा कोरस पेडलही चालेल. हे झालं सामानाचं. खरी गोष्ट अशी की सुरुवातीला त्याचा स्पीकर इतका स्वस्तातला होता की शेजारच्या गिटारच्या गोंगाटात खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हते. म्हणून तो वर सरकला, आणि कर्टिसला ते आवडलं. तेव्हा तूही बासवर धून वाजव, गाण्यासारखी. मूळ सुरांवर पहारा द्यायचं काम कीबोर्डवाल्याला दे. ‘द परफेक्ट किस’चा 1985 चा व्हिडिओ बघ, दिग्दर्शक जॉनथन डेमी. बँड तालमीच्या खोलीत खरोखर वाजवतोय आणि कॅमेरा हातांच्या आणि चेहऱ्यांच्या अगदी जवळ. जिलियन कळ दाबायच्या आधी कशी वाट बघत थांबते तेही बघ. मी विद्यार्थ्यांना नेहमी तेवढंच दाखवते. गाण्यात मध्येच ऐकू येतात ते आवाज बेडकांचेच आहेत, सॅम्पलर या आवाज साठवणाऱ्या यंत्रात भरलेले.

आमच्या बँडला गॅदरिंगला लॅपटॉपवरच्या ट्रॅकबरोबर वाजवायचं आहे. दरवेळी ड्रमर आणि ट्रॅक सुटतात. काय करावं?
*– पाच जणांचा बँड, पुणे*

क्लिक, म्हणजे लय मोजणारे टकटक ठोके, फक्त ड्रमरच्या कानात द्या, हेडफोनमधून. बाकीच्यांनी ड्रमरकडे बघायचं, लॅपटॉपकडे नाही. मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये ट्रॅकचा ठेका थोडा मोठा ठेवा, धून बारीक. तालमीत आठवड्यातून एकदा ट्रॅक बंद करून संपूर्ण गाणं वाजवा, म्हणजे लय कोणाच्या अंगात आहे आणि कोण ट्रॅकवर रेलून बसलंय ते कळेल.

आणि यंत्र दगा देणार हे धरूनच चाला. 1983 मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बाकीचे बँड रेकॉर्डवर नुसते ओठ हलवत असताना न्यू ऑर्डरनं ‘ब्लू मंडे’ प्रत्यक्ष वाजवायचा हट्ट धरला. आवाज जुळला नाही, आणि त्यानंतर गाणं खपाच्या यादीत वर जायच्या ऐवजी खाली आलं. तरी त्यांनी प्रत्यक्ष वाजवणं सोडलं नाही. तुमचा लॅपटॉप अडकला तर ड्रमरनं एक आवर्तन एकट्यानं वाजवायचं, बासनं दुसऱ्या आवर्तनाला यायचं आणि गायकानं पुढच्या समेला ओळ उचलायची, हे आधीच ठरवून तालमीत दोन-चार वेळा करून ठेवा. ट्रॅक पुन्हा सुरू करायच्या भानगडीत मंचावर पडू नका. गाणं तुमच्या हातांनी संपवा.