पहिलं ट्रोपोनिन निगेटिव्ह, मग परत रक्त कशाला?

प्रश्न : डॉक्टर, मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. वय 58, शुगर आहे. आम्हाला वाटलं अ‍ॅसिडिटी, सोडा दिला, पण घाम बघून तासाभरात हॉस्पिटलला नेलं. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन निगेटिव्ह, तरी सोडलं नाही. तीन तासांनी परत रक्त घेतलं तर वाढलेलं निघालं, सकाळी अँजिओग्राफी. आमचे भावोजी म्हणतात, पहिला रिपोर्टच खरा, बिल वाढवायला दुसरा केला. खरं काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : भावोजींना सांगा, पहिला रिपोर्टही खरा होता आणि दुसराही. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन, स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपायला लागतं, पण झिरपायला वेळ लागतो ना, साध्या टेस्टमध्ये दिसेपर्यंत तीन ते सहा तास जातात आणि तुम्ही तर तासाभरातच पोचलात (ते चांगलंच केलंत, सोडा देण्यात वेळ घालवला नसता तर अजून बरं). आता हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्ट आल्यात, त्यात लवकर कळतं, म्हणून काही ठिकाणी एक-दोन तासांनीच दुसरं सॅम्पल घेतात, पण तिथेही दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर एका आकड्यावर पेशंटला घरी पाठवत नाहीत. दोन आकड्यांमधला फरक बघायचा असतो. म्हणूनच इमर्जन्सीत "नक्की किती वाजता सुरू झालं?" असं तीन-तीनदा विचारतात, लोक वैतागतात, पण ती वेळ माहीत नसेल तर रिपोर्ट वाचायचा कसा?

दुसरं म्हणजे रक्त हा एक भाग झाला. हार्ट स्कोअर म्हणून एक पद्धत आहे, नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी काढलेली : दुखण्याची हकीकत, ईसीजी, वय, शुगर-बीपी-तंबाखू वगैरे आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला 0 ते 2 पॉइंट. एकूण 3 पर्यंत म्हणजे धोका कमी. तुमच्या बाबांना वयाचा एक आणि शुगरचा एक असे दोन पॉइंट दारातच मिळाले, वर घाम फुटून छातीत दुखलेलं, मग पहिलं ट्रोपोनिन शून्य आलं तरी मी पण त्यांना सोडलं नसतं. आणि दोन्ही निगेटिव्ह आले म्हणजे ब्लॉकेज नाही असंही नाही हं, अनस्टेबल अँजायनात (हृदयाला रक्त कमी पडून दुखतं, पण अटॅक झालेला नसतो) स्नायू अजून मेलेला नसतो त्यामुळे ट्रोपोनिन नॉर्मलच येतं. उलट ईसीजीतच मोठा अटॅक स्पष्ट दिसला तर ट्रोपोनिनची वाट बघत बसायचं नसतं, थेट उपचार.

प्रश्न : आई डायलिसिसवर आहे. छातीत दुखलं म्हणून नेलं तर ट्रोपोनिन दोन्ही वेळा जास्तच, पण जवळपास सारखं. डॉक्टर म्हणाले अटॅक नाही. जास्त असून नाही कसं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : किडनीच्या पेशंटमध्ये ते कायमच थोडं चढलेलं असू शकतं. अटॅकमध्ये आकडा चढतो नाहीतर उतरतो, एका जागी बसून राहत नाही. पण जुना रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघता येईल. शक्यतो त्याच लॅबचा, कारण ट्रोपोनिनचे आय आणि टी हे दोन प्रकार वेगळे, मशीन वेगळी, शिवाय कुणी नॅनोग्रॅम प्रति लिटर लिहितं कुणी प्रति मिलिलिटर, म्हणजे 14 आणि 0.014 एकच, आणि नातेवाईक आकडा बघून उगाच घाबरतात.

प्रश्न : वर्षातून एकदा चेकअपच्या पॅकेजमध्ये ट्रोपोनिन करून घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काही त्रास नसेल तर नको. ते पैसे लिपिड प्रोफाइल आणि एचबीएवनसीला (तीन महिन्यांची सरासरी शुगर) घाला, आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, आनुवंशिक असलेला एक कण) आयुष्यात एकदा करून घ्या. आणि छातीत दुखत असेल तर लॅबवाल्याला घरी सॅम्पल घ्यायला बोलावू नका, 108 ला फोन करा.