हॉलचे प्रमेय आणि वर्कशॉपमधील कामवाटप

हॉलचे प्रमेय आणि पिजनहोल तत्त्व (खणांपेक्षा कबुतरे जास्त असतील, तर एका खणात किमान दोन येतात) अभ्यासक्रमात शिकलो, पण उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी जॉब वाटपाचा प्रोग्रॅम लिहिताना त्यांचा उपयोग काय, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते मोठा उपयोग हा, की एखादे वाटप जमणारच नसेल तर ते का जमत नाही, हे ही प्रमेये पुराव्यासह दाखवतात.

एका पाळीत एका मशीनवर एकच जॉब लागतो असे धरा. पहिला जॉब १ किंवा २ क्रमांकाच्या मशीनवर होतो, दुसरा २ किंवा ३ वर, तिसरा आणि चौथा १ किंवा ३ वर. प्रत्येक जॉबला दोन पर्याय आहेत. कोणतेही दोन किंवा तीन जॉब घेतले तरी सोय लागते. चारही एकत्र पाहिले, की त्यांच्या वाट्याला मिळून तीनच मशीन येतात आणि बाकीची दहा रिकामी उभी असली तरी काम अडते. गणितज्ञ फिलिप हॉल यांनी १९३५ साली याची दुसरी बाजू सिद्ध केली आणि तेच हॉलचे प्रमेय: असा, चालणाऱ्या मशीनपेक्षा जॉब जास्त असलेला, अडलेला गट कुठेही नसेल, तर प्रत्येक जॉबला मशीन मिळतेच. अडथळ्याचे दुसरे कोणतेही रूप संभवत नाही, हे मला आजही विलक्षण वाटते.

मात्र एकेक गट तपासत बसू नका, कारण ४० जॉबचे गट एक लाख कोटींहून अधिक होतात. त्याऐवजी मॅचिंगचा, म्हणजे जॉब आणि मशीन यांच्या जोड्या लावण्याचा, अल्गोरिदम चालवा. हॉपक्रॉफ्ट आणि कार्प यांची १९७३ ची पद्धत हजारो जॉबनाही सहज पुरते. एखादा जॉब उरला, तर त्याला चालणारी मशीन, त्यांवर सध्या लावलेले जॉब, त्या जॉबना चालणारी आणखी मशीन, असे जाता येईल तिथवर जा. वाटेत मोकळे मशीन सापडले, तर अदलाबदल करून जॉब बसतो. नाही सापडले, तर गाठलेले जॉब गाठलेल्या मशीनपेक्षा बरोबर एकाने जास्त भरतात आणि तोच अडलेला गट असतो.

हे काम थेट सॅट सॉल्व्हरकडे, म्हणजे खरे-खोटे अशा अटी एकाच वेळी पूर्ण होऊ शकतात का हे शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवण्याचा मोह टाळावा. रेझोल्यूशन पद्धतीने, म्हणजे दोन-दोन अटी जोडून नवी अट काढत, पिजनहोल तत्त्व सिद्ध करायचे, तर सिद्धतेची लांबी घातांकी वेगाने वाढते, हे आर्मिन हाकेन यांनी १९८५ साली दाखवले आणि आजचे बहुतेक सॉल्व्हर मुळात त्याच पद्धतीवर उभे आहेत. आपण मोजून क्षणात ओळखतो ते त्यांना फार जड जाते. म्हणूनच कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे अटी मांडून उत्तर शोधण्याच्या पद्धतीत, ‘सर्व किमती वेगळ्या हव्यात’ ही अट हाताळण्यासाठी रेजँ यांनी १९९४ साली मॅचिंगचाच आधार घेतला.



तुमच्या प्रोग्रॅमने ‘वाटप अशक्य’ एवढेच छापू नये. अडलेले जॉब आणि त्यांची मशीन क्रमांकानिशी दाखवावीत. वरच्या उदाहरणात एका जॉबचे फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारे साधन) रिकाम्या मशीनवर बसवायचे की एक जॉब पुढच्या पाळीला ढकलायचा, हे मग फोरमनला ती यादी पाहून लगेच ठरवता येईल.