एक जनुक वजा: नॉकआउट उंदरांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘जनुक काढून टाकलेला उंदीर’ (नॉकआउट) म्हणजे डीएनएतून तेवढा तुकडा खरंच कापून काढतात का? तोही प्रत्येक पेशीत जाऊन? (विज्ञान शिक्षक, परभणी)

उत्तर: पूर्ण जनुक क्वचितच काढतात. बहुतेकदा ते बिघडवून ठेवतात. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. सुरुवातीलाच एखादं अक्षर गळलं की पुढचे सगळे गट सरकतात आणि प्रथिन अर्ध्यात तुटतं. हे काम एकदाच, फलित अंड्यात करायचं. क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्रात साधारण २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए आणि कॅस९ प्रथिन अंड्यात सोडतात. कॅस९ काप घेतं, पेशी तो घाईघाईत सांधते आणि सांधताना अक्षरं गळतात किंवा जास्तीची घुसतात.

यात दोन गोम आहेत. गळालेली अक्षरं नेमकी ३, ६ किंवा ९ असली, तर वाचन सरकत नाही. प्रथिनातले एक ते तीन दुवे जातात आणि बाकीचं प्रथिन तसंच काम करत राहतं. दुसरं म्हणजे अंड्याच्या दोन-चार पेशी झाल्यावरही कॅस९ कापत राहिलं, तर त्याच पिल्लाच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे बिघाड होतात. म्हणून पहिल्या पिढीच्या उंदरावर प्रयोग करायचा नाही. त्याचा मूळ जातीशी संकर करून एकच बिघाड असलेली पिल्लं निवडायची.

१९८९मध्ये पहिले नॉकआउट उंदीर जन्मले ते जुन्या पद्धतीने. भुरकट उंदराच्या भ्रूणमूलपेशींत जनुक बिघडवून त्या काळ्या उंदराच्या भ्रूणात टोचायच्या. पिल्लं कबरी निघतात, अगदी देवणीच्या वासरासारखी. या कबऱ्याचा काळ्या मादीशी संकर केला आणि भुरकं पिल्लू निघालं, तर बदललेल्या पेशी बीजापर्यंत, म्हणजे शुक्राणूंपर्यंत, पोचल्या असं समजायचं. जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्या पेशींत एकच बिघडवलेली असते, म्हणून त्यातल्या निम्म्याच पिल्लांत बिघडलेली प्रत असते, तपासणी त्यांनाही चुकत नाही. कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

प्रश्न: एकेक बिघडलेली प्रत असलेल्या नर-मादीची २४ पिल्लं तपासली. दोन्ही प्रती बिघडलेलं एकही सापडलं नाही. जनुक प्राणघातक आहे असं लिहू का? (एमएस्सीची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: एवढ्यात नको. दोन्ही प्रती चांगल्या (मूळ), एकच बिघडलेली (एकेरी) आणि दोन्ही बिघडलेल्या अशी पिल्लं १:२:१ या प्रमाणाने येतात, म्हणजे शेवटच्या प्रकारची ६ अपेक्षित होती. निव्वळ योगायोगाने २४मध्ये एकही न येण्याची शक्यता हजारात एक आहे, म्हणजे काहीतरी घडतंय हे नक्की. पण ते पिंजऱ्यात घडतंय की तुमच्या ट्यूबमध्ये, हे आधी बघा.

नमुन्यासाठी पिल्लांच्या कानाचे तुकडे कापताना दोन पिल्लांच्या मध्ये कात्री पुसली नाही, तर आधीच्याच्या ऊतीचा कण पुढच्या नमुन्यात जातो. मग दोन्ही प्रती बिघडलेल्या पिल्लाच्या पीसीआरमध्येही (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून पट्टीच्या रूपात बघण्याची तपासणी) मूळ प्रतीची पट्टी उमटते आणि ते एकेरी वाटतं. आकड्यांवरून हे ओळखता येणार नाही. पिल्लं खरंच मरत असतील तर २४मध्ये ८ मूळ आणि १६ एकेरी दिसावीत. ती एकेरींत लपली असतील तर ६ आणि १८. एवढ्या लहान संख्येत ८ आणि ६चा फरक काहीच सांगत नाही. नमुने पुन्हा घ्या.

कानाचा २ मिमी तुकडा पुरे. २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.२ मिलिमोलर ईडीटीए असलेलं ७५ मायक्रोलिटर द्रावण घाला, ९५ अंशांवर अर्धा तास ठेवा, गार झाल्यावर ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल ७५ मायक्रोलिटर घाला. पीसीआरला यातलं १-२ मायक्रोलिटर घ्या. जास्त घेतलं म्हणून पट्टी ठळक होत नाही, उलट पीसीआरच अडतो. प्रत्येक वेळी सोबत चार नमुने लावा: माहितीतला मूळ, माहितीतला एकेरी, नुसतं पाणी, आणि रिकाम्या ट्यूबमध्ये कात्री बुडवून घेतलेला नमुना. शेवटच्यात पट्टी आली, तर कात्रीच दोषी.

तरीही एकही सापडलं नाही, तर ती कधी मरतात ते शोधा. २१व्या दिवशी दूध तोडताना मोजलं, तर जन्मतःच मेलेली दिसतच नाहीत, कारण आई ती खाऊन टाकते. मादीत सकाळी योनिगोळी (समागमानंतर योनीत बसणारा घट्ट गोळा) दिसली तो दिवस ०.५ धरून १८.५व्या दिवशी गर्भ तपासा. तिथे सापडली तर मृत्यू जन्माच्या वेळचा आहे. तिथेही नसतील तर १२.५ आणि मग ९.५ असं मागे चला. उंदराच्या साधारण एक-तृतीयांश जनुकांत दोन्ही प्रती गेल्या की काही किंवा सगळी पिल्लं मरतात, त्यामुळे शंका रास्तच आहे.

प्रश्न: जनुक बंद केलं आणि उंदीर ठणठणीत. मग ते जनुक बिनकामाचं का? (बीएस्सी, नांदेड)

उत्तर: नाही. आधी वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंड चिकटवून प्रथिन शोधण्याची चाचणी) करून प्रथिन खरंच गेलंय का ते बघा. प्रतिपिंड कोणत्या टोकाला चिकटतो तेही तपासा, कारण तुटून उरलेला प्रथिनाचा तुकडा त्याला दिसणारच नाही, असंही होतं. प्रथिन खरंच गेलं असेल, तर जोडीदार जनुक शोधा. स्नायू घडवणारं मायोडी हे जनुक बंद केलेल्या उंदरांचे स्नायू १९९२मध्ये जवळपास नेहमीसारखे आढळले, कारण एमवायएफ५ या जोडीदार जनुकाने काम उचललं होतं. १९९३मध्ये दोन्ही बंद केली, तेव्हा पिल्लांत कंकाल स्नायूच बनले नाहीत.

उलटी चूक जास्त महागात पडते. कॅस्पेस-१ हे जनुक बंद केलेले उंदीर जंतुविषाच्या जीवघेण्या धक्क्यातून वाचतात, म्हणून श्रेय कॅस्पेस-१ला दिलं गेलं. २०११मध्ये कळलं की ज्या ‘१२९’ नावाच्या उंदीर-जातीच्या पेशी वापरल्या, तिच्यात शेजारचं कॅस्पेस-११ आधीपासूनच नादुरुस्त होतं. दोन्ही जनुकं इतकी जवळ की नेहमीच्या संकराने सुटी होईनात. दहा पिढ्या मूळ जातीशी संकर केला तरी बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही अंगांना मिळून साधारण २० सेंटिमॉर्गनचा (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक) पट्टा जुन्या जातीचाच उरतो. तुलनेला सख्खी भावंडं घ्या, ते अत्यावश्यकच. पण हा पट्टा जनुकासोबतच चालतो, त्यामुळे भावंडांशी तुलना केली तरी तो दोष झाकलेलाच राहतो. त्याच जनुकावर वेगळ्या मार्गदर्शकाने बनवलेला दुसरा वंश घेऊन तपासा.

प्रश्न: मोंढ्यातल्या गोदामात उंदीर रग्गड आहेत. ते चालत नाहीत का? (व्यापारी, जालना)

उत्तर: नाही. प्रयोगशाळेतली जात निदान २० पिढ्या भाऊ-बहिणींच्याच संकरातून बनते, म्हणून सगळे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे असतात. मोंढ्यातला प्रत्येक उंदीर निराळा. त्यात जनुकाचा परिणाम कोणता आणि घराण्याचा कोणता, हे सांगता येत नाही. शिवाय ते रोग घेऊन येतात, आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय प्रयोगाला हात लावता येत नाही. आणि पोती कुरतडणारी ती घूस असेल, तर ती वेगळ्याच प्रजातीची. चिचुंद्री तर उंदराच्या कुळातलीही नव्हे.