टूल बदलल्यावर खोली का चुकते?

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मिलिंग मशीनला मोटारी लावून लिनक्ससीएनसी (संगणकावरून मशीन चालवणारी प्रणाली) बसवले आहे. प्रोग्रॅममध्ये एम६ (टूल बदलण्याचा आदेश) आल्यावर हाताने टूल बदलतो. पण दुसऱ्या टूलची खोली दर वेळी चुकते. काय करावे? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : एम६ केवळ टूल बदलून घेते, नव्या टूलची टूल-टेबलात (प्रणालीतील टूलांच्या तक्त्यात) भरलेली लांबी हिशेबात धरण्यासाठी ‘टी२ एम६’नंतर (टी२ म्हणजे टूल क्रमांक दोन) जी४३ हा आदेश द्यावाच लागतो, आणि पुष्कळांचे इथेच चुकते. तरीही फरक राहिला, तर कटर कसा धरता ते पाहा. एकाच कोलेटमध्ये (कटर आवळून धरणाऱ्या चिरा असलेल्या नळीत) कटर बदलत असाल, तर नट आवळताना तो दर वेळी थोडा वर-खाली बसतो आणि टेबलातील आकडा निरुपयोगी ठरतो; अशा वेळी पक्क्या बसवलेल्या सेटरवर (टूलची लांबी मोजण्याच्या साधनावर) प्रत्येक बदलानंतर लांबी मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. स्पिंडल बीटी३०चे (होल्डर बसवण्याच्या एका प्रमाणित निमुळत्या मापाचे) असेल, तर प्रत्येक कटरला स्वतंत्र होल्डर घ्यावा, हे माझे आग्रहाचे सांगणे, कारण मग लांबी एकदाच मोजावी लागते. मात्र होल्डर चढवण्यापूर्वी टेपर (निमुळता भाग) होल्डर व स्पिंडल अशा दोन्हीकडून कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडे बिडाचे काम फार, आणि त्याचा चिमूटभर चुराही होल्डर नीट बसू देत नाही.