स्टिअरिंगपासून छाती किती लांब?

प्रश्न : माझी उंची ५ फूट. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट अगदी पुढे घ्यावी लागते. बायका जास्त गाड्या ठोकतात, असं घरी ऐकते. अपघातात बायकांनाच जास्त लागतं, असंही वाचलं. खरं काय आणि मी काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ठोकणं आणि लागणं यांचा हिशेब वेगळा करा. अमेरिकेत रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्यांत सुमारे ७० टक्के पुरुष असतात. ते गाडी जास्त चालवतात हे धरलं तरी दर किलोमीटरमागे जीवघेण्या अपघातांत पुरुषच पुढे राहतात. वेग, दारू आणि न लावलेला बेल्ट ही त्याची मोठी कारणं. किरकोळ ठोकाठोकीत काही अभ्यासांत बायकांचा दर थोडा जास्त दिसतो. पण कमी गाडी चालवणारं कुणीही बहुतेक वेळ गावातल्या चौकांतच असतं, हायवेचे मोकळे किलोमीटर त्याच्या खात्यात नसतात, म्हणून दर फुगतो. तेव्हा घरच्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका.

लागण्याचं मात्र मनावर घ्या. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात सारख्याच अपघातात बेल्ट लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजेची शक्यता ४७ टक्के जास्त आढळली. पुढे दिसलं, की यातला बराच भाग बायका चालवतात त्या लहान, हलक्या गाड्यांमुळे आहे. पायांच्या दुखापतींतला फरक तरीही उरतो. टक्कर-चाचणीतला नेहमीचा पुतळा १७५ सेंमी उंच, ७८ किलोचा. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा, १६२ सेंमी आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनमध्ये २०२२ साली पुढे आला, तोही मागून बसणाऱ्या धडकेसाठी.

आता तुमची सीट. आधी ती उंच करा, मग क्लच तळापर्यंत दाबून गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच पुढे घ्या. टेप घेऊन छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत मोजा : किमान २५ सेंमी हवं. कमी भरलं तर पाठ थोडी मागे कलवा आणि स्टिअरिंग खाली करा, म्हणजे एअरबॅग तोंडावर न येता छातीकडे येईल. पाठीमागे उशी अजिबात नको. छाती एअरबॅगजवळ येते आणि डोकं हेडरेस्टपासून सुटतं. बुडाखाली मऊ जाड गादी घेतली तर धडकेत शरीर बेल्टखालून पुढे घसरतं. कमरेचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवर घट्ट बसवा. गरोदरपणी तो पोटाच्या खालून घ्या. खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून जाऊ द्या. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या उंचीला आणा. अंबाडा किंवा केसांना मोठा क्लचर असेल तर डोकं पुढे ढकललं जातं, गाडीत बसताना तो सोडून ठेवा.

एवढं करूनही २५ सेंमी जमत नसेल तर पुढची गाडी ऑटोमॅटिक घ्या. सगळ्यात लांब दाबावा लागतो तो क्लचच.

प्रश्न : गाडी बायकोच्या नावावर घेतली तर थर्ड पार्टी विमा स्वस्त पडेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. खासगी पेट्रोल-डिझेल कारचा थर्ड पार्टी हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो. युरोपीय संघात तर २१ डिसेंबर २०१२पासून स्त्री-पुरुष बघून हप्ता लावायलाच बंदी आहे.