बॅटरी काढल्यावर कपॅसिटरच्या प्लेटा लांब नेल्या की व्होल्टेज का वाढतं?

कपॅसिटर म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या, चार्ज साठवणाऱ्या दोन प्लेटा. त्या लांब नेल्यावर दर वेळी वेगळंच दिसतं, सिम्युलेशन चुकतंय का, असं तुम्ही विचारलंत. सिम्युलेशन चुकत नाहीये. फेट (PhET) या विज्ञान-सिम्युलेशनच्या वेबसाइटवरच्या 'कपॅसिटर लॅब : बेसिक्स'मध्ये प्लेटा लांब नेल्यावर तुम्हाला एकदा चार्ज घटलेला दिसला आणि एकदा व्होल्टेज वाढलेलं, कारण दुसऱ्या वेळी स्विच उघडा होता, म्हणजे बॅटरी तोडलेली होती. प्लेटा हलवणारा बाण ओढण्याआधी नेहमी स्विच बघा. बॅटरी जोडलेली असेल तर व्होल्टेज बदलू शकत नाही. तोडलेली असेल तर चार्ज बदलू शकत नाही, त्याला जायला वाटच नसते.

आकडे घालून करा : १.५ व्होल्ट, क्षेत्रफळ २०० चौ. मिमी, अंतर ४ मिमी. कपॅसिटन्स (दर व्होल्टला किती चार्ज मावतो ते) ०.४४ पिकोफॅरड, ऊर्जा ०.५० पिकोज्यूल. आता स्विच उघडून अंतर ८ मिमी करा. कपॅसिटन्स निम्मा, व्होल्टेज ३, ऊर्जा १ पिकोज्यूल. वाढलेली ऊर्जा तुमच्या ओढण्यातून आली, कारण विरुद्ध चार्जच्या प्लेटा एकमेकींना खेचत असतात. हेच बॅटरी जोडून केलंत तर ऊर्जा ०.२५ वर उतरते. इथे बहुतेकजण अडकतात : जोर तर आपण लावला, मग ऊर्जा कमी कशी? अर्धा चार्ज बॅटरीत परत ढकलला गेला, त्यासोबत ०.५० पिकोज्यूल गेली. त्यातली ०.२५ कपॅसिटरची, ०.२५ तुमच्या हाताची. हिशेब जुळला.

हा प्रयोग घरी मल्टिमीटरने करायला जाऊ नका. डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, ०.४४ पिकोफॅरडशी गुणलात तर टाइम कॉन्स्टंट (चार्ज ओसरायला लागणाऱ्या वेळेचं माप) ४.४ मायक्रोसेकंद. प्रोब टेकेपर्यंत चार्ज गेलेला. सिम्युलेशनमधला व्होल्टमीटर चार्ज अजिबात पीत नाही, आणि तिथला बल्ब पिकोज्यूलवर पेटतो ही तर निव्वळ सवलत आहे.

दिवा मंद होताना खरंच बघायचा असेल तर ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण टोकं ठरलेला) कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. कपॅसिटरची पट्ट्याच्या बाजूची तार ऋण. उलटी जोडलीत तर कपॅसिटर तापतो, फुटूही शकतो. बॅटरी काढली की एलईडी काही सेकंद मंदावत जातो.

फॉल्स्टॅडच्या ऑनलाइन सर्किट सिम्युलेटरवर हेच रचताना बॅटरी आणि कपॅसिटर थेट जोडू नका. तिथे बॅटरी आणि तारा आदर्श असतात. लूपमध्ये रेझिस्टन्स नाही म्हणून सिम्युलेटर थांबू शकतो. मध्ये १० ओहम टाका. आणि टाइम स्टेप (सिम्युलेटर एका पावलात पुढे नेतो तेवढा वेळ) मायक्रोसेकंदांत ठेवून पाच सेकंदांचा डिस्चार्ज बघत बसू नका, १ मिलिसेकंद करा.