प्रवेश नाकारला? कारण लेखी मागा : दिव्यांग मुलांच्या शाळेविषयी पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. म्हापशाजवळच्या एका अनुदानित शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी गेलो, तर म्हणाले, "आमच्याकडे स्पेशल टीचर नाही. तुमच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस) आणलीत तर बघू. आणि आधी सर्टिफिकेट आणा." पंचायतीत गेलो, तर सरपंच म्हणतात हे आमच्याकडे येत नाही. मग जायचं कुणाकडे?

सरपंच बरोबर बोलले. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळा चालवते, गोव्यात हे काम थेट शिक्षण खात्याचं. शिक्षण हक्क कायद्यात (2009) तक्रार 'स्थानिक प्राधिकरणा'कडे करायची असते, पण त्या व्याख्येत शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असलेलं खातंही येतं. त्यामुळे प्राथमिक वर्गांसाठी आधी तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या वर पर्वरीचं शिक्षण संचालनालय.

मात्र तक्रारीआधीचं एक काम राहून गेलंय. शाळेने नकार दिला याचा कागद तुमच्याकडे नाही. उद्या शाळा म्हणेल, "आम्ही नाही म्हटलंच नव्हतं," आणि प्रकरण तिथेच बसेल. म्हणून अर्ज द्या, तीन ओळींचा: "माझ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळावा. त्याला ऑटिझम आहे. प्रवेश देता येत नसल्यास त्याचं कारण व तो कोणत्या नियमाखाली नाकारला, हे सात दिवसांत लेखी कळवावे." दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. बऱ्याच वेळा इथेच शाळेचा सूर बदलतो, कारण असलं कारण लिहून खाली सही करायला कुणी धजत नाही.

आता सर्टिफिकेट, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 16 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी व आधारही द्यायचा आहे. या कलमाला 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती अट कलम 31 ला आहे, म्हणजे 6 ते 18 वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाला. तेव्हा प्रमाणपत्राचा अर्ज जरूर करून ठेवा, पण 'आधी सर्टिफिकेट, मग प्रवेश' हे मान्य करू नका. शॅडो टीचरचंही तसंच. पालकांनी आपणहून मदतनीस दिला तर तो त्यांचा प्रश्न, पण ती प्रवेशाची अट होऊ शकत नाही.

गोव्यात आणखी एक मेख आहे. इथल्या पुष्कळ अनुदानित शाळा अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार त्यांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. पालक नेमका त्याच कायद्याचा हवाला देतात आणि शाळा एका ओळीत हात झटकते. 2016 च्या कायद्यातून मात्र अशी सुटका नाही. म्हणून तक्रारीत पहिलं नाव कलम 16 चं असू द्या, शिक्षण हक्क कायदा दुसऱ्या क्रमांकावर.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातल्या सरकारी शाळेत मुलगी तिसरीत आहे. विशेष शिक्षिका कधी पंधरवड्याने येते, कधी महिनाभर नाही. विचारलं तर "पोस्ट भरलेली नाही" एवढंच उत्तर.

हे उत्तर आता पुरेसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिक स्तरावर दर 10 विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांत दर 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना विशेष शिक्षकांची पदं अधिसूचित करून ती भरण्याचे आदेश दिले. पद रिकामं असणं ही खात्याची अडचण झाली, मुलीला शिकवणी न देण्याचं कारण नव्हे.

यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण भाषा जपून वापरा. "माझ्या मुलीला शिक्षिका का मिळत नाही?" असं विचारलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कारण या कायद्याखाली असलेलं रेकॉर्ड मिळतं, स्पष्टीकरण नाही. मागायचं ते असं: तालुक्यातल्या सरकारी शाळांत नोंद असलेल्या विशेष मुलांची वर्गनिहाय संख्या, मंजूर आणि भरलेली विशेष शिक्षक पदं, या शाळेच्या भेटवहीच्या गेल्या बारा महिन्यांच्या प्रती, माझ्या मुलीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची, म्हणजे आयईपीची प्रत, समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेखाली तिच्यासाठी झालेल्या खर्चाचा तपशील. केंद्राच्या निकषात दर विशेष मुलामागे वर्षाला 3,500 रुपये धरलेले असतात, मुलींना त्याशिवाय महिना 200 रुपये भत्ता दहा महिने. हा पैसा कुठे गेला हे विचारलं की कार्यालयात कागद हलायला लागतात.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. ही मुदत पुष्कळांच्या हातून निसटते, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि आयईपीची प्रत मिळाली की नीट वाचा. "मुलगी प्रगती करत आहे" एवढंच लिहिलेलं असेल तर तो आराखडा नव्हे. "दिवाळीपर्यंत दोन अंकी बेरीज, ठोकळ्यांच्या मदतीने, आठवड्याला तीन तास" असं काही मोजता येण्यासारखं त्यात हवं.

प्रश्न : मुलगा व्हीलचेअरवर आहे. शाळेच्या बालरथात (शाळेच्या बसमध्ये) घेत नाहीत, "जागा नाही, जबाबदारी कोण घेणार?" म्हणतात.

कलम 16 मध्ये वाहतुकीची सोय शाळेवरच टाकली आहे आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा मुलांच्या सोबत्यालाही त्यात धरलं आहे. ड्रायव्हर-अटेंडंटशी वाद घालू नका, निर्णय त्यांचा नसतो. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, त्याची प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि अर्जातच पर्याय मागा: एक तर बालरथात घडीची व्हीलचेअर ठेवायला जागा आणि चढवायला माणूस, नाही तर समग्र शिक्षामधून वाहतूक किंवा सोबती भत्ता.

प्रश्न : शाळा म्हणते, "याला घरूनच शिकवू, टीचर येऊन जाईल." हे मान्य करावं का?

तुम्हाला हवं असेल तरच. तीव्र किंवा एकाहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरून शिकण्याचा पर्याय कायद्याने दिलाय, तो मुलाचा हक्क म्हणून. शाळेला तो लादता येत नाही. संमतीपत्रावर सही मागितली तर तिथल्या तिथे करू नका.

प्रश्न : मुलगी नववीत, डिस्लेक्सिया आहे. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळेल का? शाळा म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. 2016 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तिन्हींचा उल्लेख आहे. लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ तासाला 20 मिनिटं धरला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि तिथेच घोळ होतो. खासगी समुपदेशकाचा अहवाल जोडला जातो, तो चालत नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र सक्षम वैद्यकीय प्राधिकरणाचंच लागतं. दुसरा घोळ म्हणजे लहानपणीचं जुनं प्रमाणपत्र जोडणं. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी अपेक्षित असते. प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर आत्ताच करा आणि शाळेला लेखी कळवा.

गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याचा सल्ला मिळाला तर हो म्हणण्याआधी दहावीनंतरचं विचारा. विज्ञान शाखा आणि डिप्लोमाची दारं त्याने बंद होऊ शकतात, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या वतीने तो निर्णय घाईत होऊ नये.

प्रश्न : संचालनालयात दोन अर्ज पडून आहेत. राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे गेल्याने काही होतं का? वकील लागेल?

तक्रारीला वकील लागत नाही. अर्जांच्या शिक्का असलेल्या प्रती, तारखांचा एक पानी तक्ता आणि नेमकी मागणी एवढं पुरे. मागणी "न्याय मिळावा" अशी नको. "अमुक शाळेने पंधरा दिवसांत प्रवेश द्यावा" अशी हवी. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांचा निष्कर्ष शिफारशीच्या रूपात येतो हे खरं, त्यामुळे कुणी फार आशा लावू नये. मात्र 2016 च्या कायद्याच्या कलम 81 नुसार खात्याने तीन महिन्यांत त्यावर कारवाई करून कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं आयुक्तांना व तुम्हालाही द्यावी लागतात. दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट हा महोत्सव भरवणाऱ्या राज्याच्या खात्याला "दिव्यांग मुलाला शाळा देता येत नाही" असं सहीनिशी लिहिणं सोपं जात नाही.

शिक्षण हक्क कायद्याखाली तक्रार केली असेल तर तिचा निकालही तीन महिन्यांत लागायला हवा आणि त्यावरचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. तिथेही काही झालं नाही तर पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आहे. तेव्हा मात्र वकील लागेल, पण मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना मोफत विधी सहाय्य मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाताना वर सांगितलेली तीच फाइल न्या, नवीन काही लिहायची गरज पडत नाही.